नागापुरात एकट्याला येनारी भाषा

मामा मेलेले न्हाईत. हे पहिल्यांदाच सांगते, कारन मानूस मेला की त्याच्याबद्दल समदी गोड लिव्हत्यात, आन् मला गोड लिव्हायचं न्हाई. ते चांगले जित्ते हायेत, बोल्हेगावाकडं एका खोलीत ऱ्हात्यात, एकट्यापुरता भात टाकत्यात, आन् रस्त्यात गाठ पडली की तोंड वर करून इचारत्यात, "काय गं, कशी हाय तुजी मुकी मशीन?" आन् माज्या डोक्यात अशी सनक जाते म्हनून सांगू.

वर्कशॉपात केस पांढरे झाले की कुनालाबी मामा म्हनत्यात, तसे ते मामा. नाव लिव्हत न्हाई, भांडान हाय तेवढं बास हाय.

आमचं वर्कशॉप नागापूरच्या एमआयडीसीत हुतं, लहानसं. लोखंडाचे तुकडे यायचे, त्याला भोकं पाडायची, खाचा मारायच्या आन् मोठ्या कंपनीला पाठवायचे. हे समदं कॉम्पुटरवाल्या मशिनी करत्यात, पन मशीनला आधी लिव्हून द्यावं लागतं, कुठं जा, किती खोल जा, कवा थांब. त्या लिव्हन्याला प्रोग्राम म्हनत्यात आन् ज्यात लिव्हायचा ती मशीनची भाषा. नागापुरातल्या मशिनींची एकच भाषा, तिला समदे कोड म्हनत्यात, निस्ती अक्षरं आन् आकडे. मामांच्या मशीनची भाषा येगळी. ती मशीन शेठनं कुठल्याशा बंद पडलेल्या कंपनीतनं जुनी उचलली हुती, परदेशातली, आन् तिची भाषा आख्ख्या नागापुरात एकट्या मामांना येत हुती. मंग मला यायला लागली. हेच तर भांडान हाय.

मी जामखेडच्या अंगाची. दहावीला गनितात गेले, मंग लगीन झालं, मंग पोरगी झाली, आन् पोरगी रांगायला लागली तवा ह्यांचा हात प्रेसमशीनखाली आला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. मंग ह्यांनी घरी पोरगी सांभाळायची आन् मी कामाला जायचं असं ठरलं, ठरलं म्हंजी काय, दुसरं काय हुतंच न्हाई. ज्या मशीननं ह्यांची बोटं खाल्ली तिच्याच भावकीत मला धाडलं. शेठनं मला मामांच्या हाताखाली दिलं, कारन मामांच्या हाताखाली कुनी टिकतच न्हवतं.

पहिल्या दिवशी मी हात पाठीमागं धरून हुबी ऱ्हायले. मामा म्हनले, "हात मागं का?"

"भ्या वाटतं."

"वाटू दे. भ्यालेला मानूस दार लावून मशीन चालू करतो. हे बाकीचे बघ, शूर. उघड्या दारात मुंडी घालत्यात."

बाकीचे शूर म्हंजी कोडवाल्या मशिनींवरची पोरं. ती मामांच्या मशीनला 'मामी' म्हनायची. "मामा, मामी आज रुसली का?" "मामा, मामीला मराठी येतं का आता?" कारन मामांनी काय केलतं, मशीनच्या एकेका बटनावर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावून वर पेनानं मराठी लिव्हलं हुतं. सरळ. गोल. टूल. थांब. मिटलं की पुन्ना लिव्हायचं. पोरं हसली की मामा म्हनायचे, "मामी मला परश्न तरी इचारते. तुमच्या मशिनीला तोंडच न्हाई."

आन् ते खरं हुतं. ती मशीन इचारायची. बटन दाबलं की पडद्यावर यायचं, कुठलं टूल? सांगितलं की पुढचं, कुठं जायचं? किती पळायचं? एकेक परश्न, एकेक उत्तर, जशी शेजारीन इचारते कुठं चाललीस, कवा येशीन. मला इंग्रजी वाचाय येळ लागायचा पन चारपाचच शबुद हुते, ते पाठ झाले. माज्यासारख्या गनितात गेलेलीला ती मशीन कळाय लागली. पोरगी चालाय लागायच्या आत मी भोकं पाडाय लागले. मला काय वाटलं असंल! घरी ह्यांना सांगितलं तर ह्यांनी निस्तं "दार लावतीस ना?" एवढंच इचारलं.

तवा मामा मला देव वाटायचे. आता त्याचाच राग येतो, की मला कुनी सांगितलं का न्हाई, बाई, हा मानूस चांगला हाय पन ह्याच्या मागं जाऊ नको.

मामांचं एक वागनं सांगते म्हंजी तुमाला समदा मानूस कळंल. कंपनीच्या कोपऱ्यावर एक चाची टपरी हाय, तिथं कवाबी बघा, गर्दी. मामा तिथं जायचे न्हाईत. ते लांब, गोडाऊनच्या पल्याड एका म्हाताऱ्याकडं चा प्यायचे. त्या म्हाताऱ्याकडं दुसरं गिऱ्हाईकच नसायचं. एकदा मला घेऊन गेले. तो चा म्हंजी निस्तं धुनं हुतं, कपडे धुतलेलं पानी.

मी म्हनलं, "मामा, चा वाईट हाय."

"व्हय, वाईटच हाय."

"मंग हितं कशाला येता?"

"गर्दी बघून कुठं जायचं न्हाई म्हनून."

"आवो पन तिकडचा चा खरंच चांगला हाय!"

मामांनी कप उचलला. घोट घोट करून ते धुनं समदं प्याले. असा मानूस. गर्दी म्हंजी खोटं एवढंच धरून बसला, पन जिथं कुनीच न्हाई तिथं बी वाईट असू शकतं हे त्याच्या जिभंला कळत हुतं आन् तोंडाला कबूल करायचं न्हवतं.

त्यांचं बोलनं ठरलेलं हुतं. "किती जनं बोलत्यात ते मला सांगू नको, तिच्यात काय बोलता येतं ते सांग." कुनी म्हनलं मामा, सगळं जग कोडवर चालतंय, की मामा म्हनायचे, "सगळं जग गुटका खातंय." दसऱ्याला समद्या मशिनींना झेंडूचे हार, मामांच्या मशीनला न्हाई. "पाकळ्या मशीन गार करायच्या पान्यात जात्यात, पंप चोंदतो." शेठची आई नाराज व्हायची. मामा घरनं धुतलेलं मऊ फडकं आनून तिला पुसायचे आन् म्हनायचे झाली पूजा.

एकदा मी इचारलं. जेवायची सुट्टी हुती, मामा भाकरीचा तुकडा मोडत हुते. मी म्हनलं, "मामा, ही जर चांगली हाय तर मंग सगळ्यांनी तीच का न्हाई घेतली? येवढे शेठ लोक येडे हायेत का?"

मामांनी भाकरी खाली ठेवली. असलं कुनी इचारलं की त्यांना भूक न्हाई लागायची. म्हनले, "आईक. नागापुरात पहिल्या शेठनं कोडची मशीन का घेतली? कारन ती इकनारा जवळ हुता. दुसऱ्यानं का घेतली? कारन पहिल्याचा ऑपरेटर फोडता येत हुता. तिसऱ्यानं का? दोघांनी घेतली म्हनून. मंग आयटीआयवाल्यांनी तेच शिकवाय घेतलं, का तर कंपन्यांत तेच हाय. आन् कंपन्या तेच घेत्यात, का तर आयटीआयची पोरं तेच शिकून येत्यात. आता तू सांग, ह्यात चांगलं का वाईट हे कुनी, कवा बघितलं?"

मी म्हनलं, "न्हाई बघितलं. पन मामा, एखाद्याची मशीन बंद पडली तर शेजारचा येऊन सांगतो. इस्पेअर पार्ट हितंच मिळतं. आडला मानूस तर कुनाला तरी हाक मारता येते. हा गुन न्हाई का?"

"हा भाषेचा गुन न्हाई."

"मंग कुनाचा?"

"गर्दीचा."

"मंग गर्दीला बी गुन असतो की!"

मामांनी माज्याकडं असं बघितलं जसं मी त्यांच्या ताटात माती टाकली. उठले आन् मशीन चालू केली. भाकरी तशीच. मला वाटलं मी लहान तोंडी मोठा घास घेतला, गप बसले. आता वाटतं अजून बोलाय पायजे हुतं. तिथंच वराडाय पायजे हुतं की मामा, मला ती दुसरी भाषा बी शिकवा, मला लेकरू हाय.

शिकवा म्हनून एकदा म्हनलं बी हुतं, हळूच. तर म्हनले, "चांगल्या दुधाची सवय लागल्यावर पान्याचं कशाला पितीस?"

मंग एक दिवस मामीचं कार्ड गेलं. आतलं इलेक्ट्रिकचं कार्ड. पडदा काळा. पुन्याहून मानूस आनला, त्यानं उघडून बघितलं आन् असे व्हट बाहीर काढले. म्हनला, ही जुनी झाली, हिचं हितं काय मिळत न्हाई, लांबनं मागवावं लागंल आन् येईल का ते बी सांगता येत न्हाई. शेजारच्या कोडवाल्या मशीनचं कार्ड त्याच सुमारास गेलतं, ते दुपारच्याला बसवून चालू. शेठनं वाट बघितली, शेठ वाईट न्हवता, पन मशीन झाकून ठेवायला कुनी वर्कशॉप काढत न्हाई. त्यानं मामी इकून टाकली.

शेठ मामांना म्हनले, "मामा, तुमी त्या दुसऱ्या मशीनवर हुबं ऱ्हावा."

मामा म्हनले, "मला ती येत न्हाई."

साफ खोटं! समद्यांना ठावं हुतं त्यांना येतीय, पोरं आडली की लांबनं वाचून चूक काडायचे. पन न्हाई म्हंजी न्हाई. चिकटपट्टीचा रोल खिशात घातला आन् गेले. आन् जाताना माज्याकडं बघितलं बी न्हाई. मंग शेठ माज्याकडं वळले.

"ताई, तुला कोड येतो का?"

"न्हाई."

"मंग?"

ते मंग अजून कानात हाय. मला जे येत हुतं ते आता नागापुरात कुठंच चालत न्हवतं. मी शिकलेली हुते आन् अडानी झाले, एका दिवसात. घरी आले तर हे डाव्या हातानं पोरीला भात चारत हुते, मी चुलीपाशी बसून सांगितलं, हे म्हनले, "पुन्ना शिक." एवढंच. पुन्ना शिक. कुनाकडं शिकू?

शेजारच्या आळीत सलीमभाई ऱ्हायचा, दुसऱ्या एका मोठ्या वर्कशॉपात ऑपरेटर हुता. त्याची बायको आन् मी नळावर बोलायचो. तिनं त्याला सांगितलं आन् सलीमभाईनं जेवन झाल्यावर मला कोड शिकवाय घेतलं, त्यांच्या दारात, खडूनं फरशीवर लिव्हून, त्याची बायको मांडीवर माजी पोरगी घेऊन बसायची. मामांनी जे कवा दिलं न्हाई ते ह्या मानसानं काय न मागता दिलं. आन् शिकताना मला दर ओळीला मामा आठवायचे, कारन ही भाषा खरंच मुकी हाय. काय इचारत न्हाई. तुमी चुकलात तरी गप, आन् मंग एकदम आदळते.

सलीमभाईनं त्याच्या सुपरवायझरला सांगून मला ट्रायलला नेलं. लोखंडाच्या एका पाटीला भोकं पाडायचा प्रोग्राम, सोपा. मी लिव्हला. सुपरवायझरनं वरवर बघितला, त्याला फोन आला, म्हनला चालव. मी दार लावलं, बटन दाबलं.

आता हे कसं सांगू. प्रत्येक टूलची लांबी येगळी असती, कुठलं बोटाएवढं, कुठलं हातभर. मामांच्या मशीनला तुमी निस्तं टूल सांगा, त्याची लांबी ती आपोआप धरायची, आपल्याला ध्यानात बी ठेवाय लागायचं न्हाई. कोडमधी तसं न्हाई. टूल सांगितलं की लांबी धर म्हनून येगळी ओळ लिव्हावी लागती, जी फोर्टीथ्री म्हनत्यात तिला. ती ओळ मी लिव्हलीच न्हाई. सलीमभाईनं शिकवली हुती, पन हाताला सवय मामीची. मंग मशीनला वाटलं टूलच न्हाई, निस्तं डोकं हाय, आन् ती तशी खाली आली. भलंमोठं ड्रिल, सरळ जाऊन वाइसमधी, पाटी आवळून धरतो त्या शिकंज्यात.

तो आवाज. काय सांगू, प्रेसवर ह्यांचा हात गेला तवा मी तिथं न्हवते, पन मला वाटलं असाच आवाज आला आसंल. ड्रिल फुटलं, तुकडा दाराच्या काचंवर येऊन बसला, माज्या तोंडाच्या समोर. काच हुती म्हनून. सलीमभाईनं पळत येऊन लाल बटन दाबलं. मी हात पाठीमागं धरून हुबी, पहिल्या दिवसासारखी, आन् समदं वर्कशॉप माज्याकडं बघतंय.

सुपरवायझर वराडला, "लांबी कुठं हाय? लांबी? पहिल्या दिवशी शिकवत्यात हे! कोनी शिकवलं तुला? जा, घिऊन ये त्याला!"

तो चिडून म्हनला हुता. माज्या हाताला सवय लावनाऱ्या मामांनाच मी खरंच आनायचं ठरवलं.

घरी गेले. ह्यांनी आधी माजे हात बघितले. पालथे, उताने. मंग सोडले. मी पोरीला कडंवर मारलं आन् तशीच बोल्हेगावाला.

मामा खोलीत मोटार उघडून बसले हुते. वर्कशॉप सोडल्यावर ते पंपाच्या जळलेल्या मोटारी नव्या तारंनं भरून द्यायचे. मला बघून खूश झाले! म्हनले, "ये, ये. मोटारीला भाषा नसती बघ, बरं असतं."

मी म्हनलं, "मामा, ती लांबीची ओळ तुमी मला का न्हाई सांगितली?"

त्यांना लगेच कळलं. चेहरा उतरला. म्हनले, "लागलं का?"

"मला न्हाई. मशीनला लागलं. माजं काम गेलं."

"सांगून काय उपेग? ती ओळ लिव्हावी लागती हीच त्या भाषेची चूक हाय. टूल मागितलं की लांबी संगंच आली पायजे. मानूस इसरनारच."

"चूक भाषेची, मामा! पन आदळली माज्या तोंडासमोर! तुमाला ठावं हुतं मानूस इसरनार, तरी तुमी मला तसंच सोडलं! तुमचं काय, तुमाला पोटापुरता भात लागतो. मला ही हाय!" आन् मी पोरीला त्यांच्या पुढं धरलं, ती रडाय लागली, मी बी रडाय लागले, आन् मामा हातात तांब्याची तार धरून बसले. "तुमी मला चांगली भाषा शिकवली म्हनता. मंग तिच्यात आता मी कुनाशी बोलू? तुमच्याशी?"

मी पोरीला पुन्ना कडंवर घेतलं. म्हनलं, "सकाळी सुपरवायझरनं बोलावलंय. या." आन् निघाले.

वाटलं न्हवतं येतील. सकाळी गेटवर हुबे, इस्त्रीचा शर्ट घालून. मला वाटलं आता हे माज्याकडनं दोन शबुद बोलतील, म्हनतील साहेब, पोरगी हुशार हाय, माजी चूक झाली. आत गेल्यावर काय केलं म्हायतीय का? सुपरवायझरला शिकवाय लागले! तिथंच, मशीनपाशी, समद्यांसमोर.

"किराना दुकानात साखर मागितली तर पिशवीत घालून द्या असं येगळं सांगावं लागतं का? मंग तुमची मशीन दुकानदारापेक्षा येडी हाय. हिनं काय चूक केली? हिनं मशीनला शहानं समजलं, येवढीच."

पोरं हसली. सुपरवायझरनं आईकून घेतलं, आन् त्याचा आवाज एकदम खाली आला.

"मामा, तुमचं खरं हाय. मला बी ह्या ओळीचा वीट आलाय. पन तुमची मशीन बंद पडली तवा कोन आलं? हितं उद्या ही ताई न्हाई आली तर गेटवर ढीगभर मानसं हुबी हायेत, समद्यांना हीच भाषा येती. मालकाला चांगली भाषा नको असती, मामा. मालकाला समद्यांना येनारी भाषा पायजे असती."

मामा म्हनले, "म्हंजी भाषा मानूस बदलायच्या सोयीची, काम करायच्या न्हाई."

"तुमी काय बी म्हना."

मला त्यातलं तवा एकच आईकू आलं, उद्या ही ताई न्हाई आली तर. मामांनी पुन्ना तोंड उघडलं आन् मी वराडले, "मामा, गप बसा!" मंग सुपरवायझरकडं वळून म्हनलं, "साहेब, तुमाला भांडायचं आसंल तर ह्यांच्याशी मागनं भांडा. मला एकदा चालवू द्या. एकेक ओळ चालवते. सलीमभाईला शेजारी हुबं करा, लाल बटनावर त्याचा हात राहू द्या. पुन्ना आदळली तर मी घरी."

सलीमभाई म्हनला, "साहेब, आदळते सगळ्यांची एकदा. माजी बी आदळली हुती. तुमची बी आदळली आसंल."

सुपरवायझरला हसू आलं पन त्यानं ते गिळलं. "चालव," म्हनला.

मी लिव्हलं. टूल. मंग लांबी. मोठ्यानं वाचून दावलं. दार लावलं. एक ओळ, बटन. एक ओळ, बटन. टूल खाली आलं आन् पाटीच्या वर बोटभर थांबलं, जिथं थांबाय पायजे तिथं. मंग भोक. मंग दुसरं. पाटी काडली, सुपरवायझरनं मापली, खाली ठेवली. "उद्यापासनं आठला," म्हनला, "महिनाभर बघू."

मंग त्यानं मामांना इचारलं, खरंच इचारलं, मनापासनं, "मामा, मला मशीन लावून देनारा सेटर पायजे. येता का?"

"ह्या भाषेत?"

"दुसरी कुठली आननार?"

"न्हाई," मामा म्हनले, आन् गेले.

मला इतका राग आला म्हनून सांगू! मी ज्या दारासाठी रात्रंदिस डोकं फोडलं ते दार ह्या मानसाला आपनहून उघडलं, तर ह्यानं नाक मुरडलं. मला असली ऐट करता येत न्हाई. आन् सलीमभाई काय म्हनला, "ताई, शेर माणूस हाय." शेर! मी म्हनलं, पोटाला लेकरू बांधून बघ, शेर हाय का काय ते कळंल.

महिन्याचे लई महिने झाले. मी अजून तिथंच हाय. दर टूलला ती ओळ लिव्हते, आन् दर ओळीला दात खाते, कारन मामा म्हनले ते खोटं न्हाई, ही ओळ लागायलाच नको हुती. पन लागती.

मंग पंद्रा दिसांमागं सलीमभाईची आई दवाखान्यात ॲडमिट झाली. तो सुट्टी सांगून गेला. दुपारच्या आत त्याच्या मशीनवर दुसरा मानूस. त्यानं सलीमभाईचा प्रोग्राम उघडला, वाचला, बटन दाबलं, मशीन चालू. कुनाला काय कळलं बी न्हाई. चाच्या येळंला नव्या मानसानं सलीमभाईच्या कपात चा प्याला. सलीमभाई परत आला तर सुपरवायझर खाली बघून म्हनला, "आता हा बसलाय रे. तू बघ कुठं." सलीमभाई हसला, त्याला सवय हाय. म्हनला, "मिळंल ताई दुसरीकडं, हीच भाषा हाय सगळीकडं." मिळालं बी, दोन गल्ल्या सोडून, लगेच. पन तिथं कुनाला तरी उठवूनच बसवला आसंल ना? त्या उठवलेल्याच्या घरी कोन हाय?

त्या दिवशी मी सलीमभाईच्या मशीनच्या शेजारी हुबी हुते तवा कळलं. मला ज्या गर्दीनं हात दिऊन वर वडलं, तीच गर्दी गेटवर हुबी हाय.

काल मामा भेटले, शिफ्ट सुटल्यावर, खांद्यावर कुनाची तरी मोटार घेऊन चाललेले. मी बोलनार न्हवते. त्यांनीच सुरू केलं, कशी हाय तुजी मुकी मशीन. मी सलीमभाईचं सांगितलं, एका दमात, रस्त्यातच, ट्रका जात हुत्या, वराडूनच बोलावं लागत हुतं.

मामांनी मोटार खाली ठेवली. म्हनले, "मी सांगत हुतो. माज्या मशीनवर माज्या जागी कुनी बसवून दावलं आसतं का?"

"न्हाई बसवलं, मामा. तुमच्या जागी कुनीच न्हाई बसलं. मशीन इकली, तुमी गेला, संगं मी बी गेले. एक भाषा अशी की दुपारच्या आत दुसरा बसतो. एक भाषा अशी की मशीनसंगट मानूस बी भंगारात. सांगा, ह्यातली चांगली कुठली?"

मंग पहिल्यांदाच, म्हंजी मी त्यांना वळखते तवापासनं पहिल्यांदाच, त्यांनी मलाच इचारलं, "मंग तुला काय पायजे?"

मला काय पायजे? मी मामांसारखी शहानी न्हाई. घरी पोरगी वाट बघत हुती आन् माजी रिक्षा चालली हुती, तिच्यात एकच जागा ऱ्हायलेली.

"मला उद्या आठला गेटच्या आत असाय पायजे," मी म्हनलं, आन् पळाले.